बोट हाताला गेलं, पायाकडे कोण बघणार?

पायाचं बोट काढून हाताला लावायचं ऑपरेशन करून मुलीला घरी आणली तेव्हा वाडीतलं जे कोणी आलं त्याने आधी तिचा हात बघितला. बोट हलतं का, नख वाढतं का, रंग कसा आहे. पायावरची चादर कोणी उचलली नाही. खरं सांगायचं तर मीसुद्धा पहिले दहा-बारा दिवस हाताच्याच मागे होते, आणि त्रास झाला तो पायाचा. म्हणून हे पायाबद्दल लिहितेय. हाताबद्दल डॉक्टर भरपूर सांगतात.

माझं शिवणकाम आहे, सिंधुदुर्गात आचऱ्याच्या बाजूला. मुलगी आता सात वर्षांची. जन्मली तेव्हा उजव्या हाताला अंगठा तेवढा पुरा होता, बाकीची बोटं मुळापाशीच थांबलेली. गर्भाच्या पिशवीतले धाग्यासारखे पापुद्रे बोटांभोवती आवळले गेले की वाढ अशी थांबते, असं डॉक्टरांनी समजावलं. त्याआधी "ग्रहणात विळीवर बसली होतीस काय?" हे किती जणींनी विचारलं ते मोजलं नाही. ग्रहणाचा आणि विळीचा याच्याशी काडीचा संबंध नाही, एवढं लिहून पुढे जाते.

चौथ्या वर्षी, मे महिन्यात, मुंबईला तिच्या डाव्या पायाचं अंगठ्याशेजारचं बोट काढून हाताला लावलं. नऊ तास लागले. सासरे म्हणत होते, पोरीवर प्रयोग नको. पण हा प्रयोग नाही. १९६८ साली इंग्लंडमध्ये जॉन कॉबेट नावाच्या सर्जननी पायाचा अंगठा सूक्ष्मदर्शकाखाली रक्तवाहिन्या जोडून हाताला बसवला, तेव्हापासून जगभर हे चालू आहे. आज ती चिमटीत पेन्सिल धरते, शेंगा सोलते.

पायात नेमकं काय झालेलं असतं

आपल्याला वाटतं एक बोट काढलं, भोक बुजवलं, संपलं. तसं नसतं. बोटाबरोबर त्याला रक्त नेणारी धमनी, शीर, संवेदनेची नस आणि बोट हलवणारी दोरी, हे सगळं वरपर्यंत शोधत जावं लागतं. म्हणून चीर बोटापाशी थांबत नाही, पावलाच्या पाठीवरून घोट्याकडे चढते. चवड्यातलं त्या बोटामागचं हाडही थोडं घ्यावं लागू शकतं. मग अंगठा आणि तिसरं बोट एकमेकांकडे ओढून मधली जागा बंद करतात.

कापडातून मधली पट्टी काढून दोन कडा ओढून शिवल्या की शिवणीवर ताण येतो ना, तसंच. पाय सुजला की ताण आणखी वाढतो. पहिल्या महिन्यातल्या बहुतेक तक्रारी या ताणाच्या आणि ओलाव्याच्या. पुढच्या वर्षांतल्या तक्रारी त्या रिकाम्या झालेल्या जागेच्या.

ऑपरेशनआधी विचारून घ्या आणि वहीत लिहा: कुठलं बोट, कुठल्या पायाचं, मागचं हाड किती घेणार, चीर कुठपर्यंत, टाके विरघळणारे की काढायचे, पाऊल जमिनीवर कधी टेकवायचं, आणि घरी गेल्यावर फोटो कोणाला पाठवायचा. शेवटचा प्रश्न मी विसरले होते. मुंबई इथून रात्रभराच्या अंतरावर आहे, "उद्या दाखवायला या" म्हणणं त्यांना सोपं, आपल्याला नाही. शिवाय ज्या मुलांना हे धागे आवळल्याचं निदान आहे त्यांच्या पायाच्या बोटांवरही वळ असू शकतो, तर तो पाय आधी नीट तपासला गेलाय ना, हेही विचारा.

पहिले तीन आठवडे

पाय उशीवर, छातीपेक्षा उंच. नुसता स्टुलावर ठेवलेला चालत नाही, मूल आडवं असताना पाय वर हवा. रात्री उशी सरकते म्हणून मी जुन्या गोधडीची वळकटी करून दोन्ही बाजूंनी टाके घातले, मध्ये पन्हळ राहते आणि पाय त्यात बसतो.

प्लास्टरमधून बोटांची टोकं दिसत असतात. दिवसातून चार-पाच वेळा अंगठा बघा. मधल्या जागेतून जाणारी धमनी बोटाबरोबर गेलेली असते, त्यामुळे शेजारच्या अंगठ्याचं रक्त नीट चाललंय का हे बघणं आपलं काम. नख दाबायचं, सोडायचं, पांढरं झालेलं नख "एक, दोन" म्हणेपर्यंत गुलाबी व्हायला हवं. दुसऱ्या पायाचंही तसंच करून बघा म्हणजे फरक कळतो. अंगठा निळसर, पांढराफटक किंवा गार पडला, किंवा औषध देऊनही मूल पाय-पाय करून रडत राहिलं, तर प्लास्टर घट्ट झालेलं असू शकतं. त्या वेळी सकाळची वाट बघत बसायचं नाही.

दुखण्याचं औषध मुलाच्या वजनावर ठरतं. शेजारच्या पोराचं सिरप आपल्या पोराला नको. आणि घरात विडी-सिगरेट बंद. धुराने रक्तवाहिन्या आकसतात, हाताच्या नव्या बोटालाही आणि पायाच्या जखमेलाही. आमच्याकडे यावरून दोन दिवस अबोला झाला, पण विडी पडवीतूनही गेली.

परतीचा प्रवास कोकण रेल्वेने केला, खालचा बर्थ घेऊन. मोटारीने हायवेवरचे धक्के तिला सोसले नसते. एसी डब्यात पाय आणि हात दोन्ही शालीत गुंडाळून ठेवले, गारठा दोघांनाही वाईट.

आता केरसुणीच्या हिराची गोष्ट. प्लास्टरच्या आत खाज सुटते, जखम भरत आली की जास्तच. माझ्या पोरीने केरसुणीचा हीर ओढून काढला आणि प्लास्टरच्या वरून आत घालून खाजवला. आम्हाला पत्ता नाही. प्लास्टर काढलं तेव्हा आतून बोटभर लांबीचा तुकडा निघाला, आणि घोट्याखाली खरचटून पिकलेली रेघ. सुदैवाने टाक्यांपासून लांब होती. तेव्हा केरसुणी, विणायच्या सुया, फूटपट्टी, सगळं हाताला येणार नाही अशा जागी. खाज सुटली तर प्लास्टरवरून टिचक्या मारायच्या, पंख्याचा वारा द्यायचा, आणि फारच असेल तर डॉक्टरांना खाजेचं औषध विचारायचं. पावडर आत ओतायची नाही.

पाऊस

इथे माझी चूक झाली. प्लास्टर निघालं, जखम जवळजवळ भरलेली, फक्त अंगठ्याच्या मुळाशी, जिथे ताण सगळ्यात जास्त, तिथे शेंगदाण्याएवढी काळी खपली होती. डॉक्टर म्हणाले, कडेच्या कातडीला रक्त कमी पोचलं की असं होतं, कोरडी आहे तोवर हात लावू नका, आपोआप सुटेल. सात जूनला पाऊस सुरू झाला. अंगणात पाणी, न्हाणीत पाणी, छपराची गळती. मी शहाणपणा केला आणि पायावर प्लास्टिकची पिशवी चढवून वर रबरबँड लावला. दिवसभर.

संध्याकाळी पिशवी काढली तर पाऊल आतून घामाने भिजलेलं, कातडी धुण्यानंतरच्या हातासारखी पांढरी सुरकुतलेली, आणि खपलीची एक कड उचललेली. वासही येत होता, किंचित आंबूस. तिसऱ्या दिवशी पू.

तर पिशवी फक्त आंघोळीपुरती, पाच मिनिटं. लगेच काढा. एरवी स्वच्छ सुती कापड, वर पंखा. जूनमध्ये इकडे काहीच वाळत नाही हे सांगायला नको, म्हणून पट्टीखाली लागणारी सुती फडकी मी मे महिन्यातच उकळून, कडक उन्हात वाळवून डब्यात भरून ठेवायला हवी होती. तुम्ही ठेवा. जमत असेल तर डॉक्टरांशी बोलून तारीखच अशी घ्या की पायाची जखम पावसाआधी पूर्ण भरेल. दिवाळीनंतरचे महिने आमच्याकडे उत्तम, शाळा थोडी बुडाली तर बुडू दे.

आणि जखम उघडी असताना शेताच्या बांधावर, चिखलात, साचलेल्या पाण्यात पाय नको म्हणजे नकोच. लावणीच्या दिवसांत आपल्या जिल्ह्यात लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचा ताप असतो, तो उंदीर-गुरांच्या मुतातून पाण्यात आणि तिथून कातडीच्या चिरेतून अंगात शिरतो. मोठ्या माणसाला भेगेतून होतो, तर पोराच्या टाक्यांतून का होणार नाही?

कोरडी काळी खपली आणि ओली काळी जागा या दोन वेगळ्या गोष्टी. कोरडी असेल तर थांबा आणि बघा. ओली, वास येणारी, भोवतीची लाली रोज पसरत जाणारी, वर ताप, किंवा लाल रेघ पोटरीकडे चढताना दिसली तर त्याच दिवशी दवाखाना. लाली पसरते की नाही हे नजरेने कळत नाही. मी बॉलपेनने लालीच्या कडेवर रेघ मारली आणि वेळ लिहिली, सकाळी लाली रेघेबाहेर गेलेली. तो फोटो मुंबईला गेला तेव्हा पाच मिनिटांत उत्तर आलं. फोटो काढताना दिवसाउजेडी, दारात, पांढऱ्या कापडावर, फ्लॅश बंद. दोन्ही पावलं शेजारी ठेवून.

ड्रेसिंगसाठी जवळच्या एका दवाखान्यात नेलं, तिथे चिकटलेली पट्टी कोरडीच ओढली. नवी आलेली नाजूक कातडी पट्टीबरोबर निघाली आणि आठवडा वाया गेला. त्यानंतर मी स्वतः सलाईनची बाटली घेऊन जाते आणि म्हणते, "सिस्टर, आधी भिजवूया, मी थांबते." कोणी रागावलं नाही. सासूबाईंनी हळद-खोबरेल आणलं होतं, ते उघड्या जखमेवर नको असं सांगितलं. त्यांना वाईट वाटू नये म्हणून खोबरेल ठेवून घेतलं, ते पुढे उपयोगी पडलंच.

चप्पल

ही गोष्ट मला कोणीच सांगितली नव्हती. आपल्या साध्या स्लिपरचा अंगठा, म्हणजे तो मधला रबरी खुंट, कुठे बसतो? अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या मध्ये. बरोबर तिथेच, जिथे आता वण आहे. तिने दहा मिनिटं स्लिपर घातली आणि वणावर फोड आला. कोल्हापुरीचंही तेच. निदान वर्षभर मधला अंगठा असलेली कुठलीही चप्पल नको. आडवे रुंद पट्टे, मागे टाचेला पट्टा, पुढे बोटांना जागा, तळ मऊ पण दुमडणारा नाही, असं सँडल बघा.

माप संध्याकाळी घ्या, तेव्हा पाऊल थोडं फुगलेलं असतं. बोट काढलेलं पाऊल दुसऱ्यापेक्षा अरुंद होतं, लांबी तीच राहते. म्हणून दोन्ही पायांना एकच नंबर घेऊन, अरुंद पायाच्या पट्ट्याला चांभाराकडून दोन जादा भोकं पाडून घेतली. जोड दोन हवेत. एक वाळत असतो, एक पायात. ओलं सँडल दुसऱ्या दिवशी घालायला लावू नका.

कारण चिखल्या. दोन बोटं ओढून जवळ आणल्यामुळे मधली बेचकी खोल आणि अरुंद होते, तिथे पाणी अडकतं. कातडी पांढरी, फुटलेली, खाजरी. आंघोळीनंतर फडक्याचं टोक पिळून बेचकीत घालून टिपायचं, घासायचं नाही. मग पाच मिनिटं पाय उघडा. चिखल्या झाल्याच तर मलम डॉक्टरांना विचारून. त्या वणावर कुठलंही जळजळीत औषध घालू नका.

वण

जखम पूर्ण बंद झाली, कुठेही खपली नाही, डॉक्टर हो म्हणाले, मग मालीश. इथे सासूबाईंचं खोबरेल. बोटाने वण दाबून धरायचा आणि कातडी खालच्या थरावर गोल फिरवायची. वरच्या वर तेल चोळून उपयोग नाही. पाच-पाच मिनिटं, दिवसातून तीनदा. मी रात्रीची वेळ गोष्टीला जोडून घेतली, गोष्ट संपेपर्यंत पाय माझ्या मांडीवर.

वण आधी वाईट होतो, मग सुधारतो. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात लाल, टणक, उंच आणि खाजरा झाला की घाबरू नका, तो मऊ व्हायला वर्ष, कधी त्याहून जास्त लागतं. सिलिकॉनची पट्टी लावायला दिली होती, पण आमच्या दमट हवेत तिच्याखाली घामोळं उठलं. मग दिवसा काढून फक्त रात्री लावली, पट्टी रोज धुऊन. वण बाजूला पसरत, वाढतच चालला तर मात्र दाखवा.

पावलाच्या पाठीचा काही भाग बधिर राहतो. पोरीला तिथे मुंगी चावलेली कळत नाही. म्हणून अनवाणी चालून आल्यावर पाऊल वरून-खालून बघायची सवय, जांभ्याच्या कपच्या, माडाखालचे खिळे, सगळंच असतं. उलट वणाच्या एखाद्या जागी टिचकी मारल्यावर झिणझिणी आली, मूल पाय ओढून घेतंय असं दिसलं, तर नसेच्या टोकाची गाठ असू शकते. ती लपवली जाते, मुलं सांगत नाहीत, नुसती त्या बाजूवर पाय टाकायचं टाळतात.

कालनिर्णयच्या पाठीवर

मला पेपर कटिंगची सवय. दर महिन्याला कालनिर्णयचं फाटलेलं पान उलटं टाकायचं, तिला दोन्ही पायांवर सारखं वजन देऊन उभी करायची, पेन्सिल सरळ उभी धरून पावलाभोवती रेघ मारायची. तारीख घालायची. पानं एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेला लावली की दिसतं: अंगठा आत, रिकाम्या जागेकडे झुकतोय का? तिसरं बोट सरकतंय का, वाकडं होतंय का? ऑपरेशननंतर अंगठा हळूहळू त्या बाजूला कलंडणं ही या पायाची ओळखीची तक्रार आहे, आणि वाढत्या पायात ती वर्षांनी दिसू शकते. आमच्या दीड वर्षांच्या पानांत अंगठ्याचं टोक दोन मिलीमीटर सरकलं. डॉक्टरांनी पानं टेबलावर पसरली आणि म्हणाले, सध्या काही करायचं नाही, पानं चालू ठेवा.

दुसरी तपासणी फुकट आहे आणि ती समुद्रावर होते. ओहोटीला, पाणी नुकतंच ओसरलंय अशा घट्ट ओल्या वाळूत तिला सरळ वीस पावलं चालायला सांगायचं. तिच्याकडे बघायचं नाही, बघितलं की मुलं नाटकी चालतात. ठसे बघायचे. पहिल्या वेळी उजवा ठसा पूर्ण होता: टाच, बाहेरची कड, चवडा, अंगठ्याची खोल खूण. डाव्याची टाच खोल, करंगळीकडची कड खोल, आणि अंगठ्याजवळ वाळू जवळजवळ तशीच. म्हणजे वणावर वजन येऊ नये म्हणून ती पाय बाहेरच्या कडेवर टाकत होती. घरात फरशीवर चालताना मला हे कधी दिसलं नव्हतं. तिथल्या तिथे खेळ केला, अंगठ्याने वाळूत खड्डा पाड. रोज दहा खड्डे. मग चवड्यांवर उभं राहून कुर्ल्या शोधायच्या. महिन्या-दीड महिन्याने डाव्या ठशात अंगठा उमटायला लागला.

असं कडेवर चालणं राहिलं तर पुढे चवड्याखाली घट्टा, कुरूप धरतं. कुरूप ब्लेडने कापू नका, वजन चुकीच्या जागी का पडतंय ते शोधा. डॉक्टरांनी धावायला मोकळीक दिली की लंगडी खेळू द्या, दोन्ही पायांवर. ऑपरेशनच्या पायावर दहा उड्या मारता आल्या त्या दिवशी मी मशीन बंद करून बाहेर आले होते.

तुमच्या मुलाचं ऑपरेशन वेगळं असेल तर

अगदी लहान बाळांत काही वेळा आख्खं बोट न घेता पायाच्या बोटातलं नुसतं हाड काढून हाताच्या पोकळ बोटात बसवतात. वरून पाय छान दिसतो, पाचही बोटं जागेवर. पण ते बोट आतून रिकामं, लुळं राहतं आणि मूल वाढतं तसं शेजारच्यांपेक्षा आखूड दिसायला लागतं. मोज्यात अडकतं, दुमडतं, वर चढतं. मोजे-बूट घालताना ते बोट हाताने सरळ करून घ्या, आणि बोट वाढत नाही म्हणून हबकू नका, हे होतंच. पायाचा अंगठाच घेतला असेल तर गोष्ट मोठी. चालताना जमीन मागे लोटायचं काम अंगठ्याचं, ते चवड्याला शिकवावं लागतं, आणि त्यासाठी फिजिओथेरपिस्ट हवाच, वाळूचे खड्डे पुरणार नाहीत.

लोकांचं काय करायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. चतुर्थीला आलेल्या एका आत्येने पाय बघितला आणि डोळ्याला पदर लावला, "गो बाय, चेडू मोठा झाला की जोडवी खंय घालतला?" जोडव्यांचंच बोट गेलं ना. मी काही बोलायच्या आत पोरीने आपला हात पुढे केला, "हय." आत्या गप्प. हाताच्या त्या बोटाला तिने लाल नेलपॉलिश लावलं होतं, सणाचं.

तपासणीला जाताना एक करा. जुनं झिजलेलं सँडल टाकून देऊ नका, घेऊन जा. तळ कुठे झिजलाय ते बघून डॉक्टरांना वजनाचा अंदाज येतो. आमच्या डाव्या सँडलची बाहेरची कड उजवीपेक्षा अजून जास्त खाल्लेली आहे, पण गेल्या वर्षीच्या जोडापेक्षा कमी. दोन्ही जोड पिशवीत भरून ठेवलेत, दिवाळीच्या सुट्टीत मुंबईला न्यायचे आहेत.